वेखंडवाले सर

ग्रंथालयातल्या लोकांचा मेळावा कुठंही असो, जेवणाच्या पंगतीत कोणीतरी तो किस्सा काढतंच. नगरच्या एका कॉलेजात म्हणे एक ग्रंथपाल होते. कॉम्प्युटरच्या फ्लॉप्यांना कसर लागू नये म्हणून त्यांनी डब्यात वेखंडाची पूड घातली आणि सगळी माहिती खलास केली. सांगणारा आधी स्वतःच हसतो, मग पंगत हसते, कुणाला तरी ठसका लागतो. मीही हसते. हसावंच लागतं, कारण गप्प बसलं की लोक विचारतात, तुम्ही नगरच्याच ना, तुम्हाला ठाऊक असतील ते. मी नाही म्हणते. खरं तर मी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसत होते, आणि ज्या दिवसाचा हा किस्सा झाला त्या दिवसाची भीती अजून पुरती गेलेली नाही.

वेखंडवाले सर हे नाव त्या किश्श्याच्या आधीपासूनचं. जुन्या धोतराच्या चिंध्यांच्या पुरचुंड्या ते स्वतः शिवत, त्यांत वेखंडाची पूड भरत आणि पुस्तकांच्या प्रत्येक कपाटात, प्रत्येक फळीवर ठेवत. त्यामुळे आमच्या ग्रंथालयात शिरलं की न्हाऊमाखू घातलेल्या तान्ह्या बाळाच्या खोलीत आल्यासारखं वाटे. सरांच्या बंद गळ्याच्या कोटाला तोच वास, पानसुपारीच्या डबीला तोच, आणि दुपारी ते आग्रहानं पुढं करायचे त्या शेंगदाण्याच्या लाडवालाही तोच. मी पहिला लाडू खाल्ला तेव्हा वाटलं, आता आपल्यालाही कसर लागणार नाही.

माणूस अतिशय घाबरट. दिवसाढवळ्या पिशवीत बॅटरी. बारा महिने छत्री. एसटीत बसायचं तर संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीजवळच, आणि ती खिडकी उघडते की नाही हे आधी हलवून बघणार. कंडक्टर ओरडला तरी हलवणार. कुत्रं दिसलं की दुसऱ्या गल्लीनं जाणार आणि दुसऱ्या गल्लीतही कुत्रं असलं तर कॉलेजला उशीर. प्राचार्यांनी बोलावलं की जाण्याआधी दोनदा पाणी पिणार. पोरं त्यांच्या मागं मोठ्यानं टाळी वाजवायची, ते दचकायचे, आणि मला पोरांचा राग यायच्या ऐवजी सरांचाच यायचा. इतकं काय घाबरायचं माणसानं?

पुस्तकांच्या बाबतीत तर तऱ्हाच वेगळी. कुणाला पुस्तक देताना ते पालथं देत, मुखपृष्ठ खाली. पुस्तकाचं नाव मोठ्यानं कधी उच्चारत नसत. विद्यार्थी काउंटरवर येऊन नाव सांगू लागला की बोट ओठांवर ठेवत आणि चिठ्ठीवर लिहायला लावत. चिठ्ठी वाचून झाली की तिचे बारीक तुकडे. वाटावं, आतून भूगोलाचं पाठ्यपुस्तक नाही, गावठी दारू देताहेत. एकदा मला ते माळीवाड्याच्या स्टँडवर दिसले. मी हसून नमस्कार केला तर त्यांनी छत्री उघडली आणि आभाळाकडं बघत निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी फुरंगटून बसले तेव्हा म्हणाले, "ऑपरेटरबाई, ग्रंथपालानं वाचकाला रस्त्यात ओळखू नये."

"मी वाचक कुठं सर, मी तर नोकर."

"तुम्हीही पुस्तकं नेता," ते म्हणाले आणि विषय संपवला.

आणि त्यांचं ते 'सुटलात'. ते समजायला आमची जुनी पद्धत सांगायला हवी. प्रत्येक विद्यार्थ्याला पुठ्ठ्याची तिकिटं मिळत. तिकीट म्हणजे नाव लिहिलेला एक छोटासा खिसा. प्रत्येक पुस्तकात एक कार्ड असे. पुस्तक नेलं की त्याचं कार्ड तुमच्या तिकिटाच्या खिशात जाई आणि ती जोडी काउंटरवरच्या लाकडी ट्रेमध्ये उभी राही. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, तिकीट तुमच्या हातात. पुस्तकाच्या शेवटी तारखेचा एक शिक्का तेवढा राही. कोणी नेलं होतं, याची खूण कुठंही नाही. सर तिकीट परत देताना मान जराशी लववून म्हणत, "सुटलात." पहिल्या वर्षाच्या पोराला तेच, इतिहासाच्या विभागप्रमुखाला तेच, प्राचार्यांनाही तेच. पोरं नक्कल करायची. त्यांच्या त्या शब्दात देवळातल्या पुजाऱ्यानं प्रसाद द्यावा तसं काहीतरी होतं, पण हे मला तेव्हा दिसलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत विद्यापीठाचं फर्मान आलं, की कॉलेजांनी ग्रंथालयं संगणकावर आणावीत. अनुदान आलं, यंत्र आलं आणि यंत्रापाठोपाठ मी आले. आम्ही केडगावचे. वडील एमआयडीसीत कामाला, आम्ही बौद्ध, आणि घरात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली मी पहिली. नोकरी तात्पुरती. दर सत्राला नवी ऑर्डर निघायची आणि ती निघेपर्यंत आईला झोप नसायची. विद्यापीठाची समिती येऊन बघून जाईल, तिला सगळं पसंत पडलं तर पद कायम होईल, असं प्राचार्य म्हणाले होते. त्यामुळे त्या यंत्राला धूळ लागली तरी माझ्या अंगावर काटा यायचा.

यंत्रासाठी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात काचेची खोली केली. आत गालिचा, थंड हवेचं मशीन, आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम. का काढायच्या हे कुणालाच माहीत नव्हतं, पण नियम सगळे पाळत. संस्थेचे मोठे लोक आले तरी मोजे सावरत आत यायचे. सरांनी पहिल्या दिवशी चपला काढल्या, आत आले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. त्या यंत्राकडं ते कधीही पाठ करत नसत. खोलीतून बाहेर जातानाही उलट्या पावलांनी जात. मी हसले तेव्हा म्हणाले, "बघतंय ते."

"सर, त्याला डोळे नाहीत."

"त्याचीच भीती वाटते."

विद्यापीठानं ग्रंथपालांसाठी नेवाशाच्या कॉलेजात प्रशिक्षण ठेवलं होतं. मलाही पाठवलं. पुण्याचे एक तरुण साहेब शिकवायला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवून त्यांनी दाखवलं, की आता कोणतं पुस्तक कुणाकडं आहे हे एका बटणावर कळेल. शिवाय आजवर ते कुणाकुणाकडं होतं हेही कळेल. एखाद्या विद्यार्थ्याचं नाव टाका, त्यानं पहिल्या दिवसापासून काय काय वाचलं ते ओळीनं समोर. सगळे माना डोलावत होते. सर उठून उभे राहिले. छत्री हातात.

"हे विसरतं कसं?"

हॉलमध्ये हशा पिकला. पुण्याचे साहेब समजुतीनं म्हणाले, "सर, विसरत नाही, हीच तर यातली गंमत आहे."

सर खाली बसले. जेवणाच्या सुट्टीत ते जेवले नाहीत. परतीच्या एसटीत, खिडकी हलवून बघून झाल्यावर, बऱ्याच वेळानं त्यांनी एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला ते एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात होते. एक गृहस्थ आले आणि कौतुकानं विचारू लागले, आमच्या सूनबाई पुष्कळ वाचतात म्हणे, काय काय नेतात? सरांची स्मरणशक्ती दांडगी. तरुण वय, कुणी विचारलं याचाच आनंद. धडाधड नावं सांगितली, शिवाय त्यातलं कोणतं तिला इतकं आवडलं की दोनदा नेलं, हेही.

"मग?"

"मग काही नाही. त्या पुन्हा आल्या नाहीत."

"म्हणजे वाचनालयात?"

सर खिडकीबाहेर बघत राहिले. "कुठंच दिसल्या नाहीत," ते म्हणाले. घोडेगावचा फाटा गेला, नगर आलं, उतरताना त्यांनी मला आधी उतरू दिलं. त्या दिवसापासून त्यांच्या घाबरटपणाला मी हसणं कमी केलं. पण मीही घाबरू लागले, हे काही बरं झालं नाही.

काम सुरू झालं. तिकिटं आणि कार्डं चालूच राहिली, तीच नोंद मी यंत्रातही करायची. यंत्राची पोटातली जागा फार थोडी होती. म्हणून मी दर शनिवारी त्या आठवड्यात पुरी झालेली देवघेव एका फ्लॉपीवर उतरवून घ्यायची आणि यंत्रातून पुसून टाकायची. त्या काळच्या फ्लॉप्या मोठ्या, पातळ आणि पापडासारख्या लवलवणाऱ्या, मधे उघडी फट. जुनी माहिती हवी असेल तर त्याच लावायच्या, दुसरीकडं ती कुठंच नाही. त्या एका डब्यात आणि डबा लोखंडी कपाटात. कपाटाची चावी सरांकडं.

पहिल्याच महिन्यात मी एक जुनी फ्लॉपी लावून पाहिली तर यंत्र खरखरलं आणि वाचता येत नाही म्हणालं. डबा उघडला तर आत वेखंडाची पुरचुंडी, फुटलेली. माझा संताप संताप झाला. वयाचा मान, पदाचा मान, सगळं बाजूला ठेवून मी त्यांना बोलले. हे पुस्तक नाही, याला किडे लागत नाहीत, ही पूड फटीतून आत गेली की फ्लॉपी मेली, समिती आली आणि तिनं जुनी माहिती मागितली तर माझी नोकरी जाईल. सर मान खाली घालून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "अजिबात वाचता येत नाही?"

"नाही."

"तुम्हालाही? पुण्याच्या माणसालाही?"

"कुणालाच नाही, सर!"

"चुकलं माझं," ते म्हणाले आणि त्यांनी ती पुरचुंडी माझ्यादेखत उचलून बाहेर नेली. मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी होऊन त्यांचा लाडू मागून खाल्ला.

आता त्या दोघांबद्दल. मुलगी घोडेगावच्या पलीकडल्या एका गावची. घर मोठं, ऊस, बैलांचा व्यापार, दारात जीप, आणि चुलत्याचं संस्थेत वजन. मुलगा नेवाशाकडचा, आमच्यातला. एकच निळा शर्ट, पण रोज कडक इस्त्रीचा. दोघांना मी कधी एकत्र पाहिलं नाही. बोलताना तर नाहीच. मला ते दिसले पडद्यावर. शनिवारी फ्लॉपी भरताना नावं वरून खाली सरकायची, आणि एका पुस्तकापुढं तिचं नाव असलं की खाली लगेच त्याचं. मग दुसऱ्या पुस्तकापुढं त्याचं, खाली तिचं. एकदा योगायोग, दोनदा योगायोग. नंतर मी ती नावं भरभर खाली सरकवायला लागले. कारण त्या दोन नावांमधे किती अंतर आहे, आणि ते ओलांडलं तर आमच्या जिल्ह्यात काय होऊ शकतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याच्या वस्तीतली घरं कुडाची होती.

मी कुणाला बोलले नाही. सरांनाही नाही. पण एका दुपारी ती पुस्तक परत करून गेली, सरांनी तिकीट दिलं, "सुटलात" म्हणाले, आणि पुस्तक फळीवर परत लावायला न देता काउंटरखाली ठेवलं, पालथं. तासाभरानं तो आला. त्यानं चिठ्ठी लिहायच्या आधीच सरांनी खालून पुस्तक काढून त्याच्यापुढं सरकवलं. तो गेल्यावर सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पडद्याकडं पाहिलं.

दिवाळीनंतर सत्र सुरू झालं होतं. सोमवार होता. मी आले तेव्हा कॉलेजभर कुजबुज होती, की ती मुलगी शनिवारी घरून निघाली ती परतलीच नाही. सर ट्रेपाशी उभे होते. ट्रेमधल्या कार्डांवरून बोटं फिरवत होते, जपमाळ ओढावी तशी. मला म्हणाले, "पाणी आणा." मी आणलं. ते प्यायले. मग म्हणाले, "आणखी आणा."

दुसरा पेला संपायच्या आत प्राचार्य आले. मागं मुलीचा चुलता आणि त्याच्याबरोबर दोन माणसं. चुलता उंच, पांढरे स्वच्छ कपडे, आवाज एकदम मऊ. त्या मऊ आवाजाचीच मला भीती वाटली. काचेच्या खोलीपाशी येताच त्यानं आपण होऊन करकरीत वहाणा काढल्या आणि जोडीनं नीट ठेवल्या.

"बाय," तो मला म्हणाला, "आमच्या पोरीच्या पेटीत एक चिठोरं घावलं. नाव न्हाई त्याच्यावर. एवढंच लिवलंय, पुस्तक उद्या परत करती, लगेच घे. मंजी तिच्या मागनं पुस्तक कोन नेत हुतं एवढंच आमाला बघायचंय. मशीनीला समदं म्हाईत असतंय म्हनं."

"असतं ना," प्राचार्य घाईनं म्हणाले. "सगळा इतिहास असतो. जिल्ह्यात आपलंच पहिलं ग्रंथालय. काढ गं."

मी तिचं नाव टाकलं. बोटं दोनदा चुकली. पडद्यावर एकच ओळ आली, सध्या तिच्याकडं असलेल्या पुस्तकाची. मागचं सगळं फ्लॉप्यांत. मला वाटलं, एवढ्यावर भागेल.

"जुनं?" प्राचार्य म्हणाले. "फ्लॉप्या लाव. सर, चावी द्या."

सरांनी कपाट उघडलं. त्यांनी डबा काढून माझ्यापुढं ठेवला. रोज सकाळची जाणारी वीज, जी माझं अर्धं काम दरवेळी खाऊन टाकायची, ती त्या दिवशी गेली नाही. मी वरची फ्लॉपी उचलली. शनिवारीच भरून मी ती सरांच्या हातात दिली होती, चांगली, तपासून. त्यात तो होता. त्याचं नाव, त्याचं गाव. मी हळू लावली तरी लागायचीच होती. खाली गेलेल्या माझ्या मानेला त्या माणसांचे श्वास लागत होते. एकाच्या अंगाला बैलांच्या गोठ्याचा वास होता.

आणि मग दुसरा वास आला. फ्लॉपी यंत्रात सरकवताना.

यंत्र खरखरलं. थांबलं. पुन्हा खरखरलं.

"काय म्हनतंय?" चुलत्यानं विचारलं.

"वाचता येत नाही म्हणतंय."

"दुसरी लाव," प्राचार्य.

दुसरी लावली. तिसरी लावली. डबा तळापर्यंत रिकामा केला. प्रत्येक फ्लॉपीच्या फटीतून पूड सांडत होती. माझ्या मांडीवर, गालिच्यावर, बटणांवर. वरची पूड ताजी, फिकी. खाली जावं तशी जुनी, पिवळट, चिकटून बसलेली. मी ती बघत होते आणि मला कळत होतं, की हे आज सकाळी केलेलं नाही. मी ओरडले त्या दिवसानंतर, दर शनिवारी, मी फ्लॉपी भरून देत होते आणि हा माणूस ती कपाटात ठेवण्याआधी तिला विसरायला लावत होता. एका मुलीसाठी नाही. सगळ्यांसाठी.

"हे काय आहे?" प्राचार्य किंचाळले.

"वेखंड," सर म्हणाले. खुळचट, बारीक आवाज. तसा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "कसर लागते, साहेब. झुरळं होतात. म्हणून टाकलं. पुस्तकांना टाकतो तसं."

बरोबरच्या माणसांपैकी एक फिस्सकन हसला. चुलता हसला नाही. तो सरांच्या अगदी जवळ गेला.

"मशीन ऱ्हाऊ द्या. तुमी हितंच बसता. डोकं लई तल्लख हाय तुमचं, समदं कॉलेज सांगतं. कोन नेत हुतं?"

कोटाच्या आत सरांची छाती भात्यासारखी हलताना मला दिसत होती. मला एसटीतली ती गोष्ट आठवली. आता हा माणूस बोलणार, मला वाटलं. भीतीनं बोलणार. घाबरट माणूस शेवटी भीतीनंच बोलतो.

"मला आठवत नाही," सर म्हणाले.

"आटवा की."

"वय झालं. आठवत नाही."

चुलता माझ्याकडं वळला. "तुला, बाय?"

"मी मशीनकडं बघते. माणसं बघत नाही."

"आडनाव काय तुजं?"

आडनाव सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न त्याला विचारावाच लागला नसता. मी ओठ उघडले, आणि तेवढ्यात सर आमच्या दोघांच्या मधे येऊन उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांनी यंत्राकडं पाठ केली होती.

"ती तात्पुरती आहे. मी सांगतो तेवढं करते," ते म्हणाले. "चूक माझी आहे. जे काही विचारायचं ते मला विचारा. लेखी विचारा."

चुलत्यानं सरांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, बाजारात जनावर बघतात तसं. मग प्राचार्यांना म्हणाला, "हे असलं येडं मानूस कशाला ठिवलंय?" वहाणा घातल्या आणि गेला. प्राचार्य त्याच्यामागं धावले.

सर गालिच्यावरच बसले. मी पेला त्यांच्या तोंडाशी धरला तर दात काचेवर वाजत होते. निम्मं पाणी त्यांच्या कोटावर सांडलं.

"भीती वाटली?" त्यांनी विचारलं.

"वाटली सर. फार."

"मला रोज वाटते," ते म्हणाले.

"सर, तुम्ही मुद्दाम..."

"कसर लागते हो, ऑपरेटरबाई," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. सकाळी वडील पेपर आणायचे, मी आधी नेवाशाची बातमी शोधायचे. वस्तीवर काही झालं नाही ना. कुठं विहिरीत कुणी सापडलं नाही ना. तो मुलगाही कॉलेजात येईनासा झाला होता, पण तशी गरीब पोरं मधूनच येईनाशी होतात, कुणी नोकरीला लागतं, कुणी ऊसतोडीला जातं. त्याच्या न येण्याची कुणी दखल घेतली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं बरं वाटलं.

समिती आली. जुनी माहिती काहीच नाही म्हटल्यावर तिनं ताशेरे ओढले. सरांना मेमो मिळाला, ग्रंथालय त्यांच्याकडून काढून घेतलं आणि निवृत्तीपर्यंतचा काळ त्यांना कॉलेजच्या भांडारात बसवलं, खडू, डस्टर आणि मोडक्या बाकांच्या राखणीला. माझं पद मात्र टिकलं, कारण सरांनी सगळं स्वतःवर घेतलं होतं. किस्सा त्याच आठवड्यात तालुक्याच्या कॉलेजांत पोचला. पोरं भांडाराच्या दारात वेखंडाचे तुकडे ठेवून पळायची. सर ते उचलून कोटाच्या खिशात टाकत. कामाचे असतात, म्हणत.

उन्हाळा तोंडावर आला असताना ग्रंथालयात टपालानं एक पार्सल आलं. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, आडवीतिडवी सुतळी. वर नुसतं 'ग्रंथपाल' आणि कॉलेजचा पत्ता. ग्रंथपालाची जागा अजून भरली नव्हती. मी ते तसंच पदराखाली धरून भांडारात नेलं. त्या वर्तमानपत्राची लिपी आपली नव्हती. शिक्का कुठला आहे ते बघायला मी वाकले, तर सरांनी अंगठा त्यावर ठेवला.

"तुम्हाला माहीत नसलेलं बरं," ते म्हणाले.

सुतळी सोडली. आत तिच्या नावावर राहिलेलं ते पुस्तक होतं, पालथं. दुसरं काही नव्हतं, ना चिठ्ठी ना नाव. सरांनी कागदाचे बारीक तुकडे केले, शिक्क्याच्या भागाचे तर इतके बारीक की चिमटीत धरता येईनात, आणि चहाच्या स्टोव्हवर एकेक करून जाळले. सगळं जळेपर्यंत दाराकडं बघत होते. वाऱ्यानं दार वाजलं तेव्हा दोघंही दचकलो.

मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. तिचं तिकीट काढलं, तिकिटाच्या खिशात अजून त्या पुस्तकाचं कार्ड. त्या सोमवारी सकाळी ट्रेपाशी त्यांची बोटं काय शोधत होती ते मला आता कळलं. तेव्हापासून ते त्यांनी छातीशी बाळगलं होतं, झडतीची भीती वाटत असताना. कार्ड काढून त्यांनी पुस्तकात सारलं. शेवटच्या पानावर तारखेचा शिक्का मारायला हवा होता, पण शिक्का आता त्यांच्याकडं नव्हता.

"मशीनमधून?" त्यांनी विचारलं.

"आता जाऊन काढते, सर."

त्यांनी मान हलवली. मग ते उठले, कोट खाली ओढून नीट केला, आणि ते रिकामं तिकीट दोन्ही हातांनी पुढं धरलं. समोर मोडक्या बाकांचा ढीग होता, घ्यायला कुणी नव्हतं. तरी त्यांनी मान जराशी लववली.

"सुटलात," ते म्हणाले.